पद्मिनीचं छत घरी शिवताना

पद्मिनीच्या छताचं कापड लोंबायला लागलं की लोक गाडी मिस्त्रीकडे नेतात आणि मिस्त्री ती कुशनवाल्याकडे पाठवतो. कुशनवाले सीटा छान करतात, पण छताला पुष्कळ जण सोपा रस्ता धरतात. जुनं कापड तसंच ठेवायचं आणि त्यावर नवं रेक्झिन चिकटवून द्यायचं. एखादा उन्हाळा ते टिकतं, मग जुनं आणि नवं दोन्ही मिळून डोक्यावर येतं. म्हणून मी ठामपणे सांगते, हे छत चिकटवायचं काम नाहीच. ते शिवायचं काम आहे. ज्याला ब्लाउजची बाही चुण्या न पडता बसवता येते, त्याला पद्मिनीचं छत नक्की जमतं.

मी सांगलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मामंजींची १९८२ ची पद्मिनी अजून आमच्या दारात आहे आणि चालते. तिचं इंजिन, गिअर सगळं आमचे दीर बघतात. छत मात्र मी केलं, आणि त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही पद्मिनींची छतं शिवली. त्यातून जे हाताला कळलं ते इथे सगळं लिहिते.

आधी ही रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप समजेल. पद्मिनीची मूळ बॉडी इटलीच्या फियाट ११०० ची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून फियाट ११०० डी म्हणून बनवली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने. (आमच्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही वालचंदांचंच नाव आहे, त्यामुळे इथे या गाडीचा जरा जास्तच अभिमान आहे.) त्या काळच्या गाड्यांचं छत टांगलेलं असायचं. लोखंडी तारेच्या आडव्या कमानी असतात. त्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या दारांवरच्या पत्र्यात, भोकांमध्ये बसतात. छताचं रेक्झिन आडव्या पट्ट्यांचं शिवलेलं असतं, आणि जिथे दोन पट्ट्या जोडल्या तिथे वरच्या अंगाला एक नेफा असतो. त्या नेफ्यात कमान ओवलेली असते. कापड कमानींवर तोलून धरलेलं, आणि चारही बाजूंच्या कडा ताणून पत्र्याला चिकटवलेल्या. म्हणजे गोंद फक्त कडेला. मधल्या कापडाचा पत्र्याशी काही संबंध नाही.

नंतरच्या गाड्यांत साच्यातून काढलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड आणि त्यावर पाठीला फोम असलेलं कापड असतं. तिथे फोमचा भुगा होतो आणि कापड सुटतं. तो वेगळा प्रकार आहे. दुकानदार तुम्हाला तेच फोमचं कापड दाखवेल, आणि ते हाताला मऊ लागतं म्हणून मोह होईल. पद्मिनीसाठी घेऊ नका. कमानीवर ते ताठ बसत नाही आणि शिलाईपाशी फोमची जाड गाठ होते.

कापड बारीक भोकांचं किंवा साधं पातळ रेक्झिन घ्यावं, पाठीला विणलेलं कापड असलेलं. दोन्ही हातांनी धरून ओढून बघा. आडव्या दिशेला किंचित ताण घेऊन परत जागेवर आलं पाहिजे. अजिबात न ताणणारं रेक्झिन गोलाईवर बसत नाही, आणि रबरासारखं ताणणारं दुपारच्या उन्हात सैल पडतं. रेक्झिनचा पन्ना बहुतेक ५४ इंची मिळतो. पट्ट्या आडव्या असल्यामुळे तो पुरतो, पण घ्यायच्या आधी जुन्या छताची सगळ्यांत रुंद पट्टी मोजा आणि दोन्ही बाजूंना ओढायला माया (मापाबाहेर राखलेलं जादा कापड) धरून बघा. मी साडेतीन मीटर घेते. थोडं उरतं, ते लागतंच. सगळं एकाच थानातून घ्या. दोन थानांचा पांढरा दुकानात सारखा दिसतो, गाडीत शेजारी शेजारी शिवल्यावर नाही. रंगाबद्दल माझं मत असं की मूळचा फिकट, मळखाऊ पांढराच ठेवावा. मुंबईच्या टॅक्सींना फुलाफुलांचं छत शोभायचं, तिथे ती रीतच होती. घरच्या गाडीत मात्र गडद छत घातलं की आतली जागा लगेच कोंदट वाटते.

याखेरीज लागतं ते असं: नेफ्यासाठी मांजरपाट, पॉलिएस्टरचा जाड दोरा, १६ किंवा १८ नंबरची सुई, कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह (मी फेविकॉल एसआर ९९८ वापरते), भरपूर बाइंडर क्लिप, कडा बोथट केलेली बांबूची पट्टी, खाकी कागद, आणि दारांचं बिडिंग (दाराच्या चौकटीच्या कडेवर बसणारी पट्टी) व काचांची रबरं तपासून हवी असतील तर नवी. रबर नखाने दाबल्यावर खूण राहत असेल किंवा वाकवल्यावर तडा जात असेल तर नवीनच घ्या.

काढताना घाई करू नका. बॅटरीची अर्थिंगची वायर काढून ठेवा, कारण छताच्या आसपास दिव्याच्या वायरी असतात. पुढची सीट बाहेर घेतली की उभं राहायला जागा होते. मग आरसा, सन व्हायजर, हाताचे पट्टे, दिवा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर नाव लिहा. फोटो काढा, आणि कोपऱ्यांचे जरा जास्त काढा. मागच्या काचेच्या बाजूचे खांब कसे झाकले होते ते नंतर आठवत नाही.

काचांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. छताची पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली गेलेली असते. काही जण काच न काढता रबराचा ओठ उचलून कापड आत सारतात. मऊ, नव्या रबराला ते जमतंही. पण मी दोन्ही काचा काढायला सांगते. त्याशिवाय कापड नीट ओढता येत नाही, आणि रबराखालचा पत्रा गंजलाय का तेही दिसत नाही. काच काढायला दोन माणसं हवीत. आतून रबराचा ओठ बांबूच्या पट्टीने पत्र्यावरून सोडवत जायचं आणि बाहेरच्याने काच झेलायची. पुढची काच दोन थरांची असेल तर एका कोपऱ्यात जोर दिला की तडा जातो, म्हणून तळहाताने आणि सगळीकडून सारखं ढकला. हे पहिल्यांदाच करत असाल तर एवढ्या कामाला काचवाल्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आता जुनं छत. ते फाडून काढायचा मोह होतो. फाडू नका, तोच तुमचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना आहे. कडेचा गोंद सोडवत या आणि कमानी एकेक करून भोकांतून काढा. प्रत्येक कमान हातात आली की लगेच चिकटपट्टी लावून लिहा: पुढून कितवी, डावं टोक कुठलं, पुढची बाजू कुठली. कमानी एकमेकींसारख्या दिसतात, पण लांबी आणि गोलाई वेगळी असते. अदलाबदल झाली तर छत एका जागी टेंगळासारखं दिसतं आणि दोष मात्र शिलाईवर येतो. भोकं एकापेक्षा जास्त असतील तर कुठल्या भोकात टोक होतं, तेही पत्र्यावर पेन्सिलीने लिहा.

पत्रा उघडा पडला की दोन दिवस त्यालाच द्या. आधी तोंडाला मास्क. वर जुना भुसा, माती, कधी उंदराने आणलेला कचरासुद्धा असतो. जुना गोंद खरवडा, गंज तारेच्या ब्रशने घासा आणि रेड ऑक्साइड लावा. मग पाण्याची परीक्षा. काचा बसवायच्या आधीच छतावर आणि कडेच्या पन्हाळीवर नळीने सावकाश पाणी सोडा, आणि आत एक जण टॉर्च घेऊन बसवा. पन्हाळीचा जोड जिथे पत्र्याला भिडतो तिथलं जुनं सीलंट तडकलेलं असतं. छतावर जे पिवळे डाग पडतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. हे न बघता नवं कापड लावलं तर पहिल्याच पावसाळ्यात डाग परत येतो. उन्हासाठी वर काही लावायचं तर एका बाजूला फॉइल असलेली, पाणी न पिणारी पातळ शीट लावा. गोणपाट, नमदा, कापूस असलं काही नको. ते ओल धरून ठेवतं आणि पत्रा वरून नव्हे, आतून सडतो.

इथून पुढे शिंप्याचं राज्य.

जुनं छत जमिनीवर पालथं पसरा. मधली रेघ खडूने पुढपासून मागपर्यंत मारा. प्रत्येक जोडावर, दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर खुणा करा, मध्यावर आणि तिथून दर वीतभर अंतरावर. मग उसवा, पण सगळं नाही. मी एक जोड शेवटपर्यंत तसाच ठेवते, म्हणजे नेफा कसा धरला होता ते बघायला नमुना हाताशी राहतो. उसवलेली पट्टी मधल्या रेघेवर दुमडून दोन्ही बाजू जुळतात का बघा. वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या बाजूने ऊन लागलेल्या गाडीत एक बाजू आकसलेली असते. अशा वेळी दोन्हींच्या मधली रेघ धरून खाकी कागदावर अर्धा फर्मा काढा आणि तो नव्या कापडाच्या मधल्या रेघेवर ठेवून दोन्ही अंगांना उलटा-सुलटा फिरवा.

माया कुठे किती, इथे चुकून चालत नाही. पट्ट्यांच्या आपापसांतल्या जोडाला फक्त जुनी होती तेवढीच, साधारण एक सेंटीमीटर. बाहेरच्या चारही कडांना मात्र सात-आठ सेंटीमीटर. बाहेरची माया म्हणजे ओढायला धरायची जागा, नंतर ती कापूनच टाकायची आहे. जोडातली माया वाढवली तर छत लांबीला बदलतं आणि जोड कमानीखाली येत नाही.

नेफ्याची खोली जुन्या नेफ्याइतकीच ठेवा, मिलिमीटरपर्यंत मोजा. कापड कमानीच्या किती खाली लोंबणार, ते नेफा ठरवतो. एका नेफ्याला अर्धा सेंटीमीटर जास्त खोली दिली तर छताला तिथे पायरी दिसते, आणि ती कितीही ओढून जात नाही. मांजरपाट आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या. पट्टी दुमडून तिच्या दोन्ही कडा दोन रेक्झिनच्या मायेबरोबर एकाच शिलाईत धरायच्या. रेक्झिनची सुलट बाजू आत, समोरासमोर, आणि नेफ्याची दुमडलेली पट्टी त्यांच्या बाहेर, उलट बाजूला. शिवून उलगडलं की खालून एक स्वच्छ रेघ दिसते आणि वर नेफा उभा राहतो. दोन्ही टोकांना नेफा पट्टीच्या कडेपर्यंत नेऊ नका, चार बोटं आधी थांबवा.

माझं मशीन उषाचं, पायाचं, काळं. त्यावर हे सगळं होतं, मोठं मशीन लागत नाही. टाका लांब ठेवा, इंचाला सहा-सात. बारीक टाक्याने रेक्झिनला ओळीने भोकं पडतात आणि ताण आला की ते बरोबर त्या रेघेवर फाटतं. टाचण्या लावू नका, भोक कायमचं राहतं. क्लिपांनी धरा. दाबपायाखाली रेक्झिन अडकत असेल तर वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. शिलाई वाकडी गेली तर उसवायचा उपाय इथे नाही, म्हणून उरलेल्या तुकड्यावर एक संपूर्ण जोड नेफ्यासकट आधी शिवून बघा. मध्यापासून सुरुवात करून एकेका टोकाकडे जा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलात तर वरचं कापड सरकत जातं आणि शेवटी खुणा जुळत नाहीत.

बसवायला ऊन असलेला दिवस निवडा. शिवलेलं छत तासभर उन्हात पसरून ठेवा, घड्या जातात आणि कापड नरम येतं. कमानी नेफ्यात ओवा, नंबर बघून. आत नेण्याआधी आणखी एक काम: आरसा, व्हायजर, पट्टे, दिवा यांच्या प्रत्येक भोकात एकेक स्क्रू अर्धवट फिरवून ठेवा. कापड वर चढल्यावर ते बोटाला लागतात आणि भोक शोधत बसावं लागत नाही.

मी मागच्या कमानीपासून पुढे येते. सगळ्या कमानी उभ्या आणि आपापल्या भोकात बसल्या की कापडाची मधली रेघ पुढच्या आणि मागच्या पत्र्याच्या मध्यावर आणून क्लिप लावा. मग पुढे-मागे हलका ताण द्या. कमानी पुढे किंवा मागे कलल्या नाहीत ना, ते खालून बघा. त्यानंतर बाजू. डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा क्लिपा लावत जा, आणि आधी प्रत्येक जोडाच्या टोकाला ओढा, नंतर दोन जोडांच्या मधल्या भागाला. गोंदाची बाटली या दिवशी उघडायचीच नाही. संपूर्ण छत क्लिपांवर रात्रभर राहू द्या. दीर पहिल्या वेळी म्हणाले, “वहिनी, एवढं ताठ बसलंय, लावून टाकू की आता.” मी थांबवलं. सकाळी बघितलं तर मागच्या दोन पट्ट्यांत बोटभर झोल आला होता. रेक्झिन ताणाला सावकाश सरावतं, ते सरावू द्यावं लागतं.

चुण्या कशा काढायच्या हेच या कामातलं सगळ्यांत मोठं कसब, म्हणून जरा थांबून सांगते. छतावर दिसणारी रेघ दोन प्रकारची असते. एक, सैल कापडाची चुणी. दुसरी, ताणाची रेघ. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. तळहात ठेवून बघा. हाताखाली कापड मऊ, सरकणारं लागलं तर ते सैल आहे, आणि चुणी ज्या दिशेला धावते तिला आडवं ओढायचं. हाताखाली तार लावल्यासारखं कडक लागलं तर तुम्ही जास्त ओढलंय, आणि ती रेघ ज्या क्लिपेकडे जाते ती क्लिप सोडून कापड थोडं परत द्यायचं. बहुतेक जण ताणाची रेघ दिसली की आणखी ओढतात, मग एकाच्या चार रेघा होतात.

जोडाच्या टोकापासून दाराकडे तिरप्या रेघा येत असतील तर दोष ओढण्यात नाही, नेफ्यात आहे. नेफा तिथे कमानीला घट्ट धरून बसलाय आणि कापडाला वळू देत नाही. वरून हात घालून फक्त मांजरपाटाचं टोक एक सेंटीमीटर कातरा आणि परत ओढून बघा. गेलं नाही तर आणखी एक सेंटीमीटर. एकदम मोठा कट नको, कारण नेफा जास्त कापला तर कापड कमानीपासून सुटून खाली येतं. कात्री रेक्झिनला लागणार नाही याची काळजी घ्या.

मागच्या खांबांच्या गोलाईवर मायेला छोटे छोटे काप द्यावे लागतात, गळ्याच्या गोलाईला देतो तसेच. काप पत्र्याच्या कडेपासून एक सेंटीमीटर अलीकडे थांबवा. इथे कापड हेअर ड्रायरने कोमट करून ओढलं की छान बसतं. हीट गन नको, रेक्झिनला चकाकी येते आणि ती जात नाही.

दुसऱ्या दिवशी गोंद. सगळी दारं उघडी, आसपास काडी-उदबत्ती काही नाही, कारण या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकंही चढवते. एकावेळी हातभर कड सोडा, पत्र्याला आणि कापडाला दोन्हीकडे पातळ थर द्या आणि बोट लावल्यावर तार येणार नाही इतकं सुकू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं. ओला गोंद लावून दाबलं तर तो भोकांतून वर येतो आणि पिवळा डाग राहतो. क्रम असा: मागचा मध्य, पुढचा मध्य, मग दोन्ही बाजू आळीपाळीने, कोपरे सगळ्यांत शेवटी. हा गोंद लगेच पकडतो, म्हणून कापड आधी ताणून मगच टेकवा.

दोन दिवसांनी जास्तीची माया कापा. पण काचांच्या बाजूला रबराखाली जाईल इतकी ठेवा. काच बसवायला रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून तिची टोकं आतल्या अंगाला खाली मध्यावर ठेवतात. साबणाचं पाणी लावून बाहेरचा माणूस काच दाबतो आणि आतला दोरी सावकाश ओढतो, तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. कापड दुमडून वर येत नाही ना, यावर आतल्याने डोळा ठेवायचा. मग दारांचं बिडिंग ठोका. त्याखाली कापडाची कड गेली की कडेचं सगळं काम झाकलं जातं.

शेवटी स्क्रूंचे उंचवटे चाचपा. वर टोच्याने भोक पाडा आणि अगदी लहान फुलीचा काप द्या, वॉशरखाली लपेल एवढाच. आतला स्क्रू काढून आरसा, व्हायजर, पट्टे लावा. दिव्याची वायर बाहेर ओढून घ्या आणि बॅटरी जोडायच्या आधी ती कुठे दबली नाही ना ते बघा.

पहिले काही दिवस काचा बोटभर खाली ठेवून गाडी उन्हात उभी करा. वास जातो आणि राहिलेल्या बारीक चुण्याही पुष्कळदा निघून जातात. पुसायला नेहमी ओलं फडकं आणि थोडं साबणाचं पाणी, थिनर किंवा पेट्रोल कधीच नाही. उरलेलं रेक्झिन गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. खाकी कागदाचे फर्मे सोबत ठेवा आणि त्यावर गाडीचं मॉडेल, वर्ष, आणि माया धरून काढलेत की न धरता, एवढं नक्की लिहा.